प्रशिक्षण छान झालं, पुढे काय झालं? : शालेय ग्रंथपालांच्या व्यावसायिक विकासाचा अभ्यास कसा करावा



पेट झाल्यावर सिनॉप्सिसची गडबड सुरू होते, आणि मग एक प्रश्न हमखास येतो: "शालेय ग्रंथपालांचा व्यावसायिक विकास हा विषय घेऊ का? प्रश्नावली वाटली, टक्केवारी काढली की झालं ना?"

मला हसू येतं, कारण माझाही सुरुवातीला हाच हिशेब होता. आज तो हिशेब कुठे चुकतो हे सांगते. तुम्ही शिक्षणशास्त्राचे असा किंवा ग्रंथालयशास्त्राचे, प्रशिक्षणावर काही करणार असाल तर हे उपयोगी पडेल.

माझी पहिली प्रश्नावली

मुख्य माहिती गोळा करण्याआधी प्रश्नावली तपासून बघायला मी एका माध्यमिक शाळेत गेले होते. तिथल्या ग्रंथपाल बाई निवृत्तीला आलेल्या. बाईंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि पाच मिनिटांत फॉर्म भरून दिला. 'प्रशिक्षण उपयुक्त होते का?' पूर्णतः सहमत. 'तज्ज्ञांचे मार्गदर्शन समाधानकारक होते का?' पूर्णतः सहमत. 'मिळालेले ज्ञान आपण वापरता का?' सहमत.

मी खूश. निघता निघता सहज विचारलं, "बाई, प्रशिक्षणात शिकवलेलं पुस्तक-परिचयाचं सत्र तुम्ही मुलांसोबत कधी घेता?"

बाई म्हणाल्या, "अगं, कधी घेणार? ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात आहे, पण कोणी शिक्षक रजेवर असला की मला वर्गावर पाठवतात. तासाला मुलं येतात तेव्हा मी दुसऱ्याच वर्गात असते, आणि ग्रंथालयाला कुलूप."

"मग 'वापरता का' याला सहमत कसं लिहिलंत?"

"वापरावंसं वाटतं ना. आणि नाही लिहिलं तर तू लिहिणार, ग्रंथपाल उदासीन आहेत."

खरं सांगते, मी तेच लिहिणार होते. शिफारशींच्या प्रकरणात 'ग्रंथपालांसाठी अधिकाधिक प्रशिक्षणे आयोजित करावीत' हे वाक्यही माझ्या डोक्यात तयार होतं. बाईंना आणखी दहा प्रशिक्षणं दिली असती तरी त्या कुलपाचं काय झालं असतं?

आधी शब्द नीट करू

'प्रशिक्षण' आणि 'व्यावसायिक विकास' हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. आरआरसीत बसलेले तज्ज्ञ नेमकं इथेच पकडतात. प्रशिक्षण म्हणजे ठरावीक दिवसांचा, ठरावीक विषयांचा कार्यक्रम: हजेरीपत्रक असतं, प्रमाणपत्र मिळतं, समारोपाला गुलाबपुष्प. व्यावसायिक विकास ही त्याहून लांब चालणारी प्रक्रिया आहे. माणसाचं ज्ञान, कौशल्य, कामाकडे बघण्याची दृष्टी आणि रोजचा व्यवहार हळूहळू बदलत जातो. त्यात प्रशिक्षण येतं, तसंच शेजारच्या शाळेतल्या ग्रंथपालाशी होणारी चर्चा येते, स्वतः केलेलं वाचन येतं, एखादा फसलेला प्रयोगही येतो.

संशोधनात याची 'कार्यात्मक व्याख्या' द्यावी लागते. म्हणजे माझ्या अभ्यासापुरता या शब्दाचा अर्थ काय आणि मी तो कशावरून मोजणार, हे आधीच लिहून टाकायचं. तुम्ही फक्त शासकीय प्रशिक्षणं मोजणार की स्वयंअध्ययनही? ई-ग्रंथालय किंवा कोहासारखी संगणक प्रणाली शिकणं यात धरणार, की मुलांना वाचतं करण्याची कौशल्यंही? हे पहिल्या प्रकरणात ठरलं नाही तर चौथ्या प्रकरणात रडायची वेळ येते.

'शालेय ग्रंथपाल' नेमका कोण?

दुसरी अडचण जनसंख्येची. इथे जनसंख्या म्हणजे संशोधनाच्या भाषेत ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो संपूर्ण गट. महाराष्ट्रातल्या अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचं पद विद्यार्थीसंख्येच्या निकषावर ठरतं. कुठे पूर्णवेळ, कुठे अर्धवेळ. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत हे पदच नसतं. एखादे गुरुजी किंवा बाई वर्ग सांभाळून पुस्तकांची पेटी सांभाळतात. केंद्रीय विद्यालयातला ग्रंथपाल वेगळा, शहरातल्या महागड्या खासगी शाळेतला आणखी वेगळा.

या सगळ्यांना एकाच नमुन्यात घातलं तर सरासरी निघेल, पण ती कोणाचीच नसेल. अर्धवेळ ग्रंथपालाला 'गेल्या वर्षी किती प्रशिक्षणांना गेलात?' हे विचारण्याआधी 'दिवसातले किती तास शाळेत असता?' हे विचारायला हवं. सोपा मार्ग म्हणजे एकच गट घ्या आणि शीर्षकातच स्पष्ट लिहा. शीर्षक लांबलं तरी चालेल.

धोरणात हा माणूस कुठे दिसतो?

संबंधित साहित्याच्या आढाव्यात धोरणांवर दोन पानं लिहावीच लागतात. तिथे नुसतं 'धोरणाने ग्रंथालयांना महत्त्व दिले आहे' असं लिहू नका. ग्रंथालय आणि ग्रंथपाल हे दोन शब्द वेगवेगळे शोधा. फार काही हाती लागतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची बघा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं तिथे म्हटलंय. ग्रंथपालाचा उल्लेख त्या अनुसूचीत नाही. २०१८ मध्ये समग्र शिक्षा सुरू झाली, तेव्हा शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. हे पैसे पुस्तकांचे. पुस्तक मुलाच्या हातात देणाऱ्याचे नव्हेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधली गोष्ट तर मला फारच बोलकी वाटते. शिक्षकांच्या प्रकरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास निरंतर व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. मुख्याध्यापकांसाठीही तसंच. ग्रंथपाल तिथे सापडत नाही. तो सापडतो थेट २१ व्या प्रकरणात, प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययनाच्या. ग्रंथालयं जिवंत राहायची तर पुरेसे कर्मचारी हवेत, त्यांच्यासाठी बढतीचे मार्ग आणि व्यावसायिक विकासाची सोय हवी, असं तिथे म्हटलंय. म्हणजे धोरणात उल्लेख आहे, पण तासांचा आकडा नाही, आणि शाळेच्या प्रकरणात तर तो नाहीच. महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदोन्नतीत रिफ्रेशर कोर्स मोजले जातात. शाळेतल्या ग्रंथपालाने प्रशिक्षण घेतलं तर त्याच्या सेवेत काय फरक पडतो, हा प्रश्न तुमच्या मुलाखतीत असायलाच हवा.

मोजायचं काय? पाच पायऱ्या

आता मुख्य मुद्दा. प्रशिक्षणाचं मूल्यमापन म्हटलं की दोन नावं वारंवार भेटतील. पहिलं डोनाल्ड कर्कपॅट्रिक. त्यांनी १९५९ पासून चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन आणि परिणाम. ही मांडणी उद्योगक्षेत्रातल्या प्रशिक्षणासाठी होती. दुसरं नाव थॉमस गस्की. त्यांनी २००० मध्ये आलेल्या पुस्तकात शिक्षणक्षेत्रासाठी पाच पायऱ्या मांडल्या. आपल्या बाईंच्या पुस्तक-परिचयाच्या सत्रावर त्या लावून बघू.

१. सहभागींची प्रतिक्रिया. प्रशिक्षण आवडलं का? खोली, चहा, तज्ज्ञ, वेळ ठीक होती का?

२. सहभागींचं शिकणं. पुस्तक कसं निवडायचं, गोष्ट कुठे थांबवली की मूल पुस्तक मागायला येतं, हे बाईंना कळलं का, करून दाखवता आलं का?

३. संस्थेचा पाठिंबा आणि बदल. शाळेने त्यासाठी तास दिला का? ग्रंथालय उघडं राहतं का? मुख्याध्यापकांना हे सत्र म्हणजे काम वाटतं की वेळ घालवणं?

४. नव्या कौशल्याचा वापर. बाई खरोखर हे सत्र घेतात का? कितीदा? कसं?

५. विद्यार्थ्यांवरचा परिणाम. मुलं पुस्तकं जास्त नेतात का, वाचतात का, त्यावर बोलतात का?

दोन्ही मांडण्या शेजारी ठेवल्या की फरक चटकन दिसतो. कर्कपॅट्रिक यांच्याकडे तिसरी पायरी स्वतंत्र नाही. शिकणं झालं की वर्तन बदलेल, असा थेट जिना आहे. गस्की मध्ये संस्था आणून ठेवतात. माझी प्रश्नावली पहिल्या पायरीवर बसली होती आणि निष्कर्ष चौथ्या पायरीचा काढायला निघाली होती. बाईंचं कुलूप होतं तिसऱ्या पायरीवर, आणि त्याबद्दल माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता.

गस्की आणखी एक सल्ला देतात: आखणी करताना उलटीकडून या. आधी मुलांमध्ये काय बदल हवा ते ठरवा, मग त्यासाठी ग्रंथपालाने काय करायला हवं, मग शाळेने काय द्यायला हवं, मग काय शिकायला हवं. प्रशिक्षण सर्वात शेवटी येतं. आपल्याकडे बहुतेक वेळा तारीख आणि सभागृह आधी ठरतं.

कोणतं शिकणं टिकतं?

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जे लिहिलं, त्याचा सारांश असा: नुसतं व्याख्यान ऐकून माणूस वर्गात फारसं बदलत नाही. प्रात्यक्षिक बघणं, स्वतः करून बघणं, त्यावर कोणीतरी प्रतिक्रिया देणं, आणि परत गेल्यावरही सोबत राहणारा सहकारी, हे जितकं जोडलं जाईल तितकं शिकलेलं कामात उतरतं.

इथे ग्रंथपालाची खास अडचण लक्षात घ्या. गणिताच्या शिक्षकाला शाळेत दुसरा गणिताचा शिक्षक भेटू शकतो. ग्रंथपाल शाळेत एकटाच. प्रशिक्षणाहून आल्यावर 'हे असं करून बघू का?' असं विचारायला तिथे कोणी नसतं. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात माणूस कामकऱ्यांच्या समूहात राहून शिकतो, अशी मांडणी केली. ती वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: समूहच नसेल तर? त्यामुळे तालुक्यातल्या ग्रंथपालांचा व्हॉट्सॲप ग्रुप, संघटनेची बैठक, गावातल्या सार्वजनिक वाचनालयाशी असलेलं नातं, हे सगळं तुमच्या अभ्यासात 'इतर' या रकान्यात टाकू नका. खरा विकास तिथेच चाललेला असू शकतो. नसेल तर तेही नोंदवण्यासारखंच आहे.

लांब पल्ल्याचं उदाहरण आपल्या देशातही आहे. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स काही महिने चालतो. त्यात थोडे दिवस एकत्र येऊन शिकणं, मधल्या काळात दूरस्थ अभ्यास, मार्गदर्शकाची सोबत आणि स्वतःच्या ठिकाणी करायचा प्रकल्प असतो. गोव्यातली 'बुकवर्म' ही संस्थाही या कामाशी जोडलेली आहे. दोन-तीन दिवसांचं शिबिर आणि असा अभ्यासक्रम यांची रचना समोरासमोर ठेवून तुलना केली तरी एक चांगलं उपप्रकरण होतं.

गस्की यांचं आणखी एक निरीक्षण चटका लावणारं आहे. आपण समजतो की आधी वृत्ती बदलते, मग काम बदलतं. त्यांच्या मते बहुतेकदा उलट होतं. माणूस काहीतरी नवं करून बघतो, मुलांमध्ये फरक दिसतो, आणि मग त्याचा विश्वास बसतो. बाईंच्या बाबतीत विचार करा. कुलूप असल्यामुळे त्यांना करूनच बघता आलं नाही. मुलांचा चेहरा बदललेला त्यांनी पाहिलाच नाही. तरी 'वापरावंसं वाटतं' म्हणत होत्या. आणि मी त्यांची 'वृत्ती' पाच बिंदूंच्या मापनश्रेणीवर मोजत होते!

'परिणाम झाला' म्हणण्याआधी

कीथ करी लान्स यांचा अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यावरचा अभ्यास (१९९३) या विषयात फार उद्धृत होतो. ज्या शाळांत ग्रंथालयाचे कर्मचारी आणि संग्रह चांगला, तिथल्या मुलांची वाचनातली गुणवत्ताही चांगली, असा संबंध त्यात दिसला. पण हा सहसंबंध आहे. लान्स यांनी कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा विचार केला होता. आपण तसं काही न करता 'प्रशिक्षित ग्रंथपाल असलेल्या शाळेचा निकाल चांगला, म्हणून प्रशिक्षणाने निकाल वाढतो' असं लिहिलं, तर मौखिकीत पहिला प्रश्न तिथेच येणार. चांगल्या शाळेने चांगला ग्रंथपाल नेमला, असंही असू शकतं ना?

पाचवी पायरी एका पीएचडीत गाठता येईलच असं नाही. त्यात कमीपणा नाही. तिसरी आणि चौथी नीट बघितली तरी पुष्कळ झालं.

प्रत्यक्ष काय करता येईल

माझी साधनं मी बदलली. तुम्हाला उपयोगी पडतील असे चार बदल सांगते.

पहिला, वेळेची नोंद. 'तुम्ही ग्रंथालयाच्या कामाला किती वेळ देता?' या प्रश्नाला सगळे आदर्श उत्तर देतात. त्याऐवजी एका आठवड्याची साधी तासवार डायरी भरून घ्या: कोणत्या तासाला कुठे होतात, काय केलं. बदलीचा तास, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, परीक्षेचं काम, सगळं आपोआप समोर येतं. डायरी सुटसुटीत ठेवा, नाहीतर तीही त्यांच्या कामात भर घालेल.

दुसरा, नोंदवह्या. देवघेव नोंदवही हा हाताशी असलेला पुरावा आहे. प्रशिक्षणाच्या आधीचे आणि नंतरचे महिने बघा, कोणत्या वारी पुस्तकं जातात ते बघा, तीच चार मुलं नेतात की नवी येतात ते बघा. पण सावध राहा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या आठवड्यातली वाढ म्हणजे प्रशिक्षणाचा परिणाम नव्हे. आणि सलग दोन पानं एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली दिसली तर ती तपासणीच्या आदल्या दिवशीची असू शकतात. पुस्तक हरवलं तर भरपाई कोण करतं, निर्लेखनाला परवानगी मिळते का, हेही विचारा. खिशातून पैसे जाण्याची भीती असेल तर कितीही शिकलेला माणूस कपाट उघडताना विचार करतो.

तिसरा, मुख्याध्यापकांची मुलाखत. तिसऱ्या पायरीची माहिती फक्त ग्रंथपालाकडून घेतली तर ती तक्रार वाटते, फक्त मुख्याध्यापकांकडून घेतली तर खुलासा वाटतो. दोन्ही घ्या. मुख्याध्यापकांचीही अडचण खरी असते: शिक्षकाची जागा रिकामी, वर्ग मोकळा सोडता येत नाही. बाईंच्या मुख्याध्यापकांनी मला हेच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

चौथा, नैतिकतेचा. ग्रंथपालाची मुलाखत मुख्याध्यापकांच्या दालनात घेऊ नका. प्रबंधात 'अमुक तालुक्यातील अर्धवेळ महिला ग्रंथपाल' असं लिहिलं आणि त्या तालुक्यात तशी एकच व्यक्ती असेल, तर नाव न लिहूनही तुम्ही नाव लिहिलंत. अर्धवेळ माणसाची नोकरी नाजूक असते. तुमच्या एका परिच्छेदाची किंमत त्याने का मोजावी?

विषय अजून घ्यायचा आहे?

जरूर घ्या. फक्त 'शालेय ग्रंथपालांच्या व्यावसायिक विकासाचा अभ्यास' इतकं मोठं गाठोडं उचलू नका. असं काहीतरी करून बघा: एका जिल्ह्यातले पूर्णवेळ ग्रंथपाल, एका प्रशिक्षणातलं एकच कौशल्य, आणि प्रश्न एवढाच की ते कौशल्य शाळेपर्यंत पोहोचलं का, नसेल तर वाटेत कुठे अडलं. उद्दिष्टं तीनच ठेवा. गाइड 'फार छोटा विषय आहे' म्हणतील, तेव्हा गस्की यांच्या पाच पायऱ्या कागदावर काढून दाखवा.

रंगनाथन यांचा १९३१ चा पाचवा नियम आपण नेट-सेटसाठी पाठ करतो: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. ग्रंथालय वाढायचं तर ते सांभाळणारा माणूसही वाढायला हवा, आणि त्या माणसाला वाढायला वेळ आणि किल्ली दोन्ही लागतात.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये आता एक नवा प्रश्न आहे: 'मागील आठवड्यात ग्रंथालय किती तास उघडे होते, आणि तेव्हा तुम्ही तिथे होता का?' सुधारलेली प्रश्नावली घेऊन मी बाईंकडे परत गेले. त्यांनी तो प्रश्न वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हां, आता विचारलंस. बस, चहा सांगते." या वेळी फॉर्म भरायला पाऊण तास लागला.